राष्ट्राध्यक्ष होण्याआधी मोजणीदार : जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या परवान्याची गोष्ट

शेताची मोजणी निघाली की घरातले वातावरणच बदलते. चंदगड-गडहिंग्लजकडे भूकरमापक येतो म्हणतात, बेळगाव-खानापूरकडे सर्व्हेअर येतो म्हणतात, पण धाकधूक दोन्हीकडे सारखीच. बांध कुणाच्या बाजूला सरकतो, शेजारी सही करतो की नाही, आणि मुख्य म्हणजे आलेला माणूस खरोखर अधिकृत आहे का? कर्नाटकात आता परवानाधारक सर्व्हेअरही मोजणीला येतात. त्यामुळे हा शेवटचा प्रश्न शेतकरी हमखास विचारतो. तो विचारायलाही हवा, कारण मोजणीदाराने काढलेली रेघ पुढच्या दोन-तीन पिढ्यांना पुरते.

असाच एक परवाना २० जुलै १७४९ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीत एका कोर्टासमोर आला. तो घेऊन उभा असलेला मुलगा सतरा वर्षांचा होता, नाव जॉर्ज वॉशिंग्टन. पुढे हा मुलगा सेनापती झाला, अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. ते सगळे शाळेच्या पुस्तकात असते. पण त्याची पहिली नोकरी, पहिली कमाई आणि पहिली स्वतःची जमीन मोजणीच्या साखळीतून आली, हे फारसे कुणी सांगत नाही.

वडील गेले, वाटणी झाली

जॉर्जचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ चा, व्हर्जिनियातल्या पोप्स क्रीक इथला. वडील ऑगस्टिन वॉशिंग्टन जमीनदार होते, पण पहिल्या फळीतले नव्हेत. त्यांची दोन लग्ने झाली होती. पहिल्या बायकोचे मुलगे लॉरेन्स आणि ऑगस्टिन इंग्लंडला शिकून आले. दुसरी बायको मेरी बॉल, तिचा थोरला मुलगा जॉर्ज. त्याचीही पाळी इंग्लंडला जायची होती. पण एप्रिल १७४३ मध्ये वडील वारले. जॉर्ज तेव्हा अकरा वर्षांचा होता.

वाटणीत चांगल्या जमिनी सावत्र भावांकडे गेल्या. लॉरेन्सला पोटोमॅक नदीकाठची जागा मिळाली, तिलाच पुढे माउंट व्हर्नन नाव पडले. जॉर्जच्या नावावर रॅपहॅनॉक नदीकाठचे फेरी फार्म आणि दहा गुलाम लागले. शेताचा ताबा मात्र तो एकवीस वर्षांचा झाल्यावर मिळायचा होता, तोवर कारभार आईकडे. इंग्लंडचे शिक्षण राहून गेले. सावत्र भावांना जे मिळाले ते आपल्याला मिळाले नाही, ही बोच त्याला आयुष्यभर राहिली असे त्याचे चरित्रकार मानतात.

मग करायचे काय? लॉरेन्सने त्याला ब्रिटिश आरमारात घालायचे ठरवले. पण आईने इंग्लंडमधल्या आपल्या भावाचा सल्ला विचारला, तो प्रतिकूल आला आणि तो बेत बारगळला. घरच्या कोठारात मात्र वडिलांची मोजणीची उपकरणे पडून होती. जॉर्जला हिशेबाची गोडी होती. त्याच्या वह्यांत भूमिती, क्षेत्रफळ काढण्याच्या रीती आणि जमीन मोजणीची उदाहरणे नीटनेटक्या अक्षरात उतरवलेली आहेत. फेब्रुवारी १७४८ मध्ये त्याने भावाच्या सलगमच्या वावराचा नकाशा काढला. सरावाचाच तो. कुणी फी दिली नाही, कुणाचा वाद मिटला नाही. पण शिकण्याची रीत तीच होती आणि आजही तीच आहे: आधी घरचे वावर, मग दुसऱ्याचे.

तेहतीस फुटांची साखळी

त्या काळची मोजणी कशी चालायची? मोजणीदाराकडे एक होकायंत्र असे, ते एका टोकदार काठीवर बसवून जमिनीत रोवायचे. शेताच्या एका कोपऱ्यावर उभे राहून पुढच्या कोपऱ्याची दिशा अंशांत घ्यायची. मग दोन साखळीवाले त्या दिशेने साखळी टाकत जायचे, पुढे एकजण कुऱ्हाडीने झाडी तोडून वाट करायचा. प्रत्येक बाजूची दिशा आणि लांबी वहीत उतरायची. चारी बाजू फिरून पुन्हा पहिल्या कोपऱ्यावर आले की आकृती मिटली पाहिजे. नाही मिटली तर कुठेतरी चूक झाली, पुन्हा चाला.

इंग्लंडच्या एडमंड गुंटर यांनी सतराव्या शतकात बसवलेली साखळी ६६ फुटांची आणि १०० कड्यांची. अशा दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. व्हर्जिनियाच्या दाट जंगलात मात्र ती लांब साखळी अडकायची, म्हणून तिथे अर्धी, ३३ फुटांची साखळी वापरत. वॉशिंग्टनच्या हाती हीच होती.

हा ३३ चा आकडा आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवा नाही. ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यातली मोजणीची साखळीही ३३ फुटांची होती, तिचे सोळा आणे पाडलेले असत. ३३ बाय ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. असे चाळीस गुंठे झाले की एकर भरतो. बेळगावपासून हैदराबादपर्यंत आजही जमिनीचा सौदा एकर-गुंठ्यांत होतो. त्या बोलण्यात गुंटर साहेबाच्या साखळीची अर्धी लांबी दडलेली आहे.

पहिली मोहीम : उवांचे अंथरूण आणि पोहणारे घोडे

जॉर्जचे नशीब उघडले ते लॉरेन्सच्या सासुरवाडीमुळे. लॉरेन्सचे लग्न फेअरफॅक्स घराण्यात झाले होते. या घराण्याचे प्रमुख लॉर्ड थॉमस फेअरफॅक्स यांच्याकडे इंग्लंडच्या राजाच्या जुन्या सनदेने व्हर्जिनियातला पन्नास लाख एकरांहून मोठा प्रदेश होता. सनदेची हद्द नेमकी कुठवर, यावर वर्षानुवर्षे भांडण चालले. १७४५ मध्ये लंडनला निकाल लॉर्ड साहेबांच्या बाजूने लागला. आता ती जमीन तुकडे पाडून लोकांना द्यायची, तर आधी मोजायला हवी. मोजणीदारांना एकदम मागणी आली.

मार्च १७४८ मध्ये फेअरफॅक्सांची एक तुकडी ब्लू रिज डोंगर ओलांडून शेनांडोह खोऱ्यात निघाली. मुख्य मोजणीदार होते जेम्स जेन, प्रिन्स विल्यम काउंटीचे. सोबत फेअरफॅक्स घराण्यातला जॉर्ज विल्यम आणि सोळा वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन. महिनाभराची ही मोहीम म्हणजे जॉर्जची उमेदवारी. रोजनिशी तो ठेवत होता, म्हणून आपल्याला ती कळते.

एका मुक्कामी त्याने घरच्यासारखे कपडे काढून अंगावर पांघरूण ओढले. खाली नुसता पेंढा आणि पांघरुणात उवा-पिसवा. लगेच उठून कपडे चढवले, आणि पुढे असल्या ठिकाणी कपड्यांतच झोपायचे ठरवले. पोटोमॅकला पूर आला तेव्हा घोडे पोहत पलीकडे न्यावे लागले. पावसात तंबू उडाले. एके ठिकाणी लढाईवरून परतणारे तीसेक मूलनिवासी भेटले, त्यांनी पाणी भरलेल्या भांड्यावर हरणाचे कातडे ताणून ढोल केला आणि नाचून दाखवले. जॉर्जने तो ढोल कसा बांधला हेसुद्धा लिहून ठेवले. मोजणीदाराला लागणारी नजर ती हीच.

या मोहिमेत आणखी एक गोष्ट घडली. मोजणी चालू असताना आसपासच्या जर्मन वसाहतवाल्यांची बायकापोरे जंगलातून त्यांच्या मागे मागे चालत राहिली. जॉर्जने त्यांच्याविषयी तुच्छतेने लिहिले. ती माणसे तिथे राबत होती, त्यांची घरे तिथे होती आणि कुणीतरी येऊन साखळी टाकत होते, हे त्या पोराच्या डोक्यात आले नसावे. त्याहून जुने मालक तर कागदावर कुठेच नव्हते. १७४४ च्या लँकेस्टर करारात इरोक्वॉय जमातींनी या खोऱ्यावरचा हक्क सोडला असे वसाहतीने धरले, आणि शॉनीसारख्या ज्या जमाती त्या जंगलात शिकार करत होत्या त्यांना विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

परवाना कोण देत असे?

व्हर्जिनियात हवशा-नवशाला मोजणी करता येत नव्हती. १६९३ च्या राजसनदेने विल्यम अँड मेरी कॉलेज स्थापन झाले, तेव्हा वसाहतीच्या सर्व्हेअर जनरलचे पद त्या कॉलेजकडेच दिले गेले. काउंटीचा सर्व्हेअर नेमायचा तर नेमणुकीचा कागद कॉलेजचे अध्यक्ष आणि अध्यापक मंडळ देणार. सर्व्हेअरने आपल्या फीचा सहावा हिस्सा कॉलेजला भरायचा. कागद मिळाल्यावर काउंटीच्या कोर्टात जाऊन शपथ घ्यायची. शपथ झाली, नोंद झाली की माणूस अधिकृत. त्याच्या नकाशावर मग जमिनीची मालकी उभी राहू शकत होती.

हा कागद मिळवायची नेहमीची वाट लांब होती. आधी एखाद्या सर्व्हेअरच्या हाताखाली साखळी धरायची, झाडांवर खुणा करायच्या, हिशेब शिकायचा. मग सहायक, मग उपसर्व्हेअर, आणि जागा रिकामी झाली तर काउंटी सर्व्हेअर. जॉर्जने ही पायरी जवळपास ओलांडलीच. १७४९ मध्ये ऑरेंज काउंटी फोडून कल्पेपर ही नवी काउंटी झाली आणि तिचा पहिला सर्व्हेअर म्हणून त्याचीच नेमणूक झाली. वयाच्या सतराव्या वर्षी, एका महिन्याच्या मोहिमेच्या जोरावर! यामागे फेअरफॅक्सांचा वशिला होता, हे अमेरिकेतले इतिहासकारही सरळ मान्य करतात.

पण वशिल्याने कागद मिळतो, आकृती मिटत नाही. शपथेनंतर दोनच दिवसांनी, २२ जुलैला, जॉर्जने रिचर्ड बार्न्स यांच्यासाठी ४०० एकरांची मोजणी केली. तिथून पुढे तीन वर्षांत त्याने १९९ मोजण्या केल्या. गंमत अशी की कल्पेपर काउंटीतली त्याची ही एवढीच मोजणी नोंदीला आहे. बाकीचे जवळजवळ सगळे काम डोंगरापलीकडे फ्रेडरिक आणि ऑगस्टा काउंट्यांत झाले, कारण लॉर्ड फेअरफॅक्स यांची जमीन तिकडे वाटली जात होती. जमीन मागणाऱ्याने फेअरफॅक्सांच्या कचेरीतून मोजणीचा हुकूम घ्यायचा, सर्व्हेअरने मोजून नकाशा आणि हद्दीचे वर्णन परत कचेरीत द्यायचे, मग सनद निघायची.

त्या वर्णनात कोपऱ्यांवर दगड क्वचितच येतात. येतात ती झाडे. पांढरा ओक, हिकरी, ओढ्याचा काठ. झाडाला कुऱ्हाडीचा घाव घालून खूण केली की तो हद्दीचा कोपरा. आज तिथल्या मोजणीदारांना या जुन्या रेघा पुन्हा शोधाव्या लागतात तेव्हा दोन अडचणी येतात. झाडे केव्हाच पडली, हे एक. दुसरे म्हणजे होकायंत्राची सुई जी उत्तर दाखवते ती खरी उत्तर नव्हे आणि तो फरक वर्षागणिक बदलत जातो. अडीचशे वर्षांपूर्वीची दिशा आजच्या सुईवर जशीच्या तशी धरली तर रेघ भलत्याच्या शेतात जाते. जुन्या नकाशाचे साल बघूनच हिशेब करावा लागतो.

कमाई आणि पहिली जमीन

काम कष्टाचे होते. झाडांवर पाने कमी असताना लांबवर नजर जाते, म्हणून मोहिमा थंडीत निघायच्या. आठवडेच्या आठवडे अंथरूण मिळायचे नाही, शेकोटीभोवती घरच्या माणसांत मिळेल त्या जागी गवतावर नाहीतर अस्वलाच्या कातड्यावर आडवे व्हायचे. पण पैसे रोख मिळायचे. हवामानाने साथ दिली तर दिवसाला एक डबलून, म्हणजे एक सोन्याचे नाणे, पदरात पडते असे त्याने एका मित्राला कळवले होते. तंबाखूवर चालणाऱ्या त्या वसाहतीत, जिथे बड्या जमीनदारांचाही व्यवहार उधारीवर असायचा, तिथे रोख सोने म्हणजे मोठी गोष्ट.

आणि मोजणीदाराला आणखी एक फायदा होता. कुठली माती काळी, कुठे पाणी बारमाही, कुठला तुकडा अजून कुणी मागितलेला नाही, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळते. जॉर्जने याचा उपयोग करून घेतला. १७५० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने शेनांडोह खोऱ्यात बुलस्किन ओढ्याकाठी जमीन घ्यायला सुरुवात केली आणि १४५९ एकर नावावर केले. आईच्या ताब्यातल्या शेताची वाट बघत बसलेला पोरका मुलगा आता स्वतःच्या हिमतीवर जमीनदार झाला.

कल्पेपरचे पद त्याने १७५० च्या अखेरीस सोडले, मोजण्या पुढे दोन वर्षे चालू राहिल्या. दरम्यान लॉरेन्सला क्षयाने गाठले. हवापालटासाठी दोघे भाऊ १७५१ मध्ये बार्बाडोस बेटावर गेले. तिथे जॉर्जला देवी आल्या, तो त्यातून उठला. लॉरेन्स मात्र जुलै १७५२ मध्ये वारला. त्याच वर्षाच्या शेवटी जॉर्जला व्हर्जिनियाच्या सैन्यदलात पद मिळाले आणि धंदा म्हणून केलेली मोजणी संपली.

नकाशा हाच दारूगोळा

मोजणी सुटली तरी विद्या सुटली नाही. १७५३ च्या अखेरीस व्हर्जिनियाचे कारभारी रॉबर्ट डिनविडी यांना ओहायो खोऱ्यात शिरलेल्या फ्रेंचांकडे इशाऱ्याचे पत्र पाठवायचे होते. भर हिवाळ्यात शेकडो मैलांचे जंगल तुडवेल असा माणूस हवा होता. एकवीस वर्षांचे मेजर वॉशिंग्टन गेले. येताना फ्रेंचांच्या उत्तराबरोबर त्यांनी नद्या, किल्ले आणि अंतरे दाखवणारा नकाशाही आणला. त्या प्रवासाचा अहवाल १७५४ मध्ये छापला गेला आणि त्यांचे नाव समुद्रापलीकडे पोहोचले.

पुढे स्वातंत्र्ययुद्धात सेनापती म्हणून त्यांची पहिल्या काही तक्रारींपैकी एक होती ती चांगले नकाशे नाहीत ही. १७७७ मध्ये रॉबर्ट अर्स्किन यांना सैन्याचे भूगोलज्ञ आणि सर्व्हेअर जनरल नेमण्यात आले. त्यांच्या हाताखालच्या माणसांनी रस्ते मोजून शेकडो नकाशे तयार केले. कुठला घाट तोफा ओढून नेता येतो आणि कुठला नाही, हे ज्याने स्वतः साखळी टाकली आहे त्यालाच चटकन उमगते.

परवान्यावरच आक्षेप

वॉशिंग्टन यांच्या आयुष्यात परवान्याचा मुद्दा एकदा उलटाही फिरला. ती हकिकत शेतकरी कुटुंबांनी लक्षात ठेवावी अशी आहे.

१७५४ मध्ये डिनविडी यांनी फ्रेंचांविरुद्ध भरती होणाऱ्या सैनिकांना दोन लाख एकर जमीन देण्याचे जाहीर केले होते. युद्ध संपले, पण १७६३ मध्ये राजाने डोंगरापलीकडे वस्ती करायला बंदी घातली. वॉशिंग्टन थांबले नाहीत. त्यांनी विल्यम क्रॉफर्ड या ओळखीच्या मोजणीदाराला गाठले, बंदी तात्पुरती आहे असे गृहीत धरून चांगल्या जमिनी हेरून ठेवायला सांगितले आणि गाजावाजा करू नको असेही बजावले. १७७० मध्ये ते स्वतः नावेतून ओहायो नदीने ग्रेट कनॉवाच्या संगमापर्यंत गेले, नदीकाठची गाळाची जमीन पाहिली, कोपरे खुणावले. क्रॉफर्डने मोजण्या केल्या. सैनिकांच्या वाट्यातून आणि इतरांचे हक्क विकत घेऊन वॉशिंग्टन यांच्या नावावर वीस हजारांहून अधिक एकर झाले.

आणि १७७५ च्या वसंतात बातमी आली की या साऱ्या सनदा रद्द होणार. कारण काय, तर क्रॉफर्डने सर्व्हेअर म्हणून कायद्याने घालून दिलेली पात्रता नीट पूर्ण केली नव्हती, असा आक्षेप. वॉशिंग्टन यांनी एप्रिलमध्ये गव्हर्नर लॉर्ड डन्मोर यांना पत्र टाकून खुलासा मागितला. आक्षेप खरा ठरला तर सनदा रद्दच होतील, असे गव्हर्नरांनी कळवले. जमीन तीच, मोजमाप तेच, साखळीही तीच. पण मोजणाऱ्याचा कागद पक्का नसेल तर वीस हजार एकर हवेत! ज्या माणसाने स्वतः सतराव्या वर्षी कोर्टात उभे राहून रीतसर शपथ घेतली होती, त्याच्यावर ही वेळ आली.

त्याच एप्रिलमध्ये लेक्सिंग्टनला गोळी सुटली आणि युद्ध पेटले. डन्मोर यांना पुढे व्हर्जिनिया सोडून जावे लागले, आक्षेप मागे पडला, आणि कनॉवाच्या जमिनी वॉशिंग्टन यांच्या मृत्युपत्रासोबतच्या यादीतही दिसतात. क्रॉफर्डचा शेवट वाईट झाला. १७८२ मध्ये ओहायो भागातल्या लढाईत तो डेलावेअर जमातीच्या हाती सापडला आणि त्याला जाळून मारण्यात आले. काही महिने आधी ग्नाडेनहुटेन इथे अमेरिकन टोळीने त्या जमातीतल्या जवळपास शंभर नि:शस्त्र ख्रिस्ती स्त्री-पुरुष-मुलांची कत्तल केली होती, त्याचा तो सूड होता. मोजणीची साखळी ज्या जमिनीवरून गेली, तिथे किती रक्त सांडले याची ही एक नोंद.

युद्धानंतर १७८४ मध्ये वॉशिंग्टन पेनसिल्व्हेनियातली आपली जमीन बघायला गेले तर तिथे काही कुटुंबे वर्षानुवर्षे शेती करत होती, घरे बांधून राहिली होती. बोलणी फिसकटली. प्रकरण कोर्टात गेले आणि १७८६ मध्ये निकाल वॉशिंग्टन यांच्या बाजूने लागला. कसणाऱ्यांना उठावे लागले. कागद त्यांच्याकडे नव्हता.

शंभर चौरस मैलांची हद्द

१७८८ मध्ये विल्यम अँड मेरी कॉलेजने वॉशिंग्टन यांना आपले कुलपती केले. ज्या कॉलेजने मोजणीचा परवाना दिला, त्याचेच ते मृत्यूपर्यंत प्रमुख राहिले. पुढच्या वर्षी ते राष्ट्राध्यक्ष झाले.

राष्ट्राध्यक्षपदी असताना नव्या राजधानीची जागा ठरवायचे काम त्यांच्याकडे आले. प्रत्येकी दहा मैल बाजूचा चौकोन पोटोमॅकच्या दोन्ही तीरांवर आखायचा होता. १७९१ मध्ये हे काम अँड्र्यू एलिकॉट यांना देण्यात आले. सुरुवातीचे काही महिने त्यांच्यासोबत बेंजामिन बॅनेकर होते, स्वतःच्या अभ्यासावर खगोलगणित शिकलेले स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी. चौकोनाच्या हद्दीवर मैलामैलावर मिळून चाळीस दगड रोवले गेले. त्यातले बहुतेक आजही जागेवर आहेत. सीमेवर राहणाऱ्यांना हद्दीच्या दगडाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आजचा परवाना

आज अमेरिकेत जमीन मोजण्याचा परवाना कुठले कॉलेज देत नाही, ते काम प्रत्येक राज्याचे मंडळ करते. शिक्षण, मग मूलतत्त्वांची परीक्षा, मग परवानाधारक सर्व्हेअरच्या देखरेखीखाली काही वर्षांचा अनुभव, मग प्रत्यक्ष व्यवसायाची दुसरी परीक्षा आणि बहुतेक राज्यांत त्या राज्याच्या कायद्यावरचा वेगळा पेपर. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही, नव्याने अर्ज करावा लागतो, कारण जमिनीचे कायदे राज्यागणिक वेगळे. सतरा वर्षांच्या मुलाला वशिल्यावर काउंटी मिळायची सोय उरलेली नाही. हाताखाली राबून शिकण्याची अट मात्र तशीच आहे.

माउंट रशमोरच्या डोंगरावर चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरले आहेत. त्यातले वॉशिंग्टन, जेफरसन आणि लिंकन हे तिघे कधी ना कधी सर्व्हेअर होते. लिंकन यांनी तर नोकरी हाती आल्यावर पुस्तके मिळवून मोजणी शिकून घेतली.

शेवटची मोजणी

पद सोडून माउंट व्हर्ननला परतल्यावरही वॉशिंग्टन यांची साखळी सुटली नाही. नोव्हेंबर १७९९ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ते घोड्यावर बसून डिफिकल्ट रन नावाच्या ओढ्याकाठची आपली जमीन मोजायला गेले. ती त्यांची शेवटची मोजणी.

त्याच वर्षी जुलैत त्यांनी मृत्युपत्र लिहिले होते. सोबत जोडलेल्या यादीत निरनिराळ्या राज्यांतली पन्नास हजारांहून अधिक एकर जमीन आहे, तुकड्यातुकड्यांनी, एकरांच्या आकड्यासकट. अकराव्या वर्षी वारशात दहा गुलाम मिळालेल्या या माणसाच्या घरी तेव्हा तीनशेहून अधिक गुलाम राबत होते. त्यातले सव्वाशेच्या आसपास त्यांचे स्वतःचे. पत्नीच्या पश्चात त्यांना मुक्त करावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले. बाकीचे बहुतेक पत्नीच्या पहिल्या घराण्याच्या मालमत्तेतले होते, ते सुटले नाहीत.

१२ डिसेंबरला ते बर्फ आणि पावसात पाच तास शेतावर फिरले. दुसऱ्या दिवशी घसा बसला होता. तरी दुपारी ते घर आणि नदी यांच्यामधल्या जागेत जाऊन तोडायच्या झाडांवर खुणा करून आले. रात्री श्वास कोंडला, आणि १४ डिसेंबर १७९९ रोजी रात्री त्यांचे निधन झाले.